एमएमएची लढत रंगते कशामुळं? खासबागेत वाढलेल्या माणसाचा प्रश्न

हौद्याकाठी | रविवार, दुपारी १२:१०

अमेरिकेतली शनिवारची रात्र ती आपली रविवारची सकाळ. त्यामुळं मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात गेली चार वर्षं रविवारचा नाष्टा एमएमए, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं ती पिंजऱ्यातली लढत, बघतच होतो. भाचा शिकायला आमच्याकडं राहतो, त्यानं ही गोडी लावली. आज मात्र आमच्यात वाद झाला आणि तो मिटला नाही, म्हणून इथं लिहितोय.

आज दोन लढती बघितल्या. पहिलीत पंधरा मिनिटं ठोशांचा नुसता पाऊस. दोघांची तोंडं रक्तानं माखली, समालोचकांचे घसे बसले. भाचा उभा राहून बघत होता. मला सहाव्या-सातव्या मिनिटाला कंटाळा आला. दुसरीत रक्ताचा थेंब नाही. एकजण खाली, एकजण वर, आणि सगळी लढत वरच्याच्या एका मनगटाभोवती. खालच्यानं ते मनगट धरलं, वरच्यानं सोडवून घेतलं, यानं परत धरलं. भाच्यानं मोबाइल काढला. माझा चहा गार झाला तरी मला पत्ता नाही.

मी सात वर्षांचा असल्यापासून वडील मला खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. ज्यांनी ते मैदान आतून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले, तिथली रोमन धाटणीची गोल प्रेक्षागारं त्यांनी बघितली, आणि १९१२ साली कोल्हापुरात हे मैदान उभं राहिलं. मधी कुस्तीचा मातीचा हौदा, भोवती बशीच्या काठासारखी चढत जाणारी बसायची जागा. कुठंही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाच्या पायाचा अंगठा मातीत कसा रुततो ते दिसलं पाहिजे, असा विचार करून बांधल्यासारखं आहे ते. तिथं वडील एकच गोष्ट सारखी सांगायचे, "हाताकडं बघू नको, हात फसवतात. कंबरेकडं बघ. गडी कुठं जाणार ते कंबर आधी सांगती."

डोळ्यांना तीच सवय लागली. एकानं पट काढला, म्हणजे पाय धरायला खाली घुसला, दुसऱ्यानं पाय मागं टाकले. पहिल्यानं ते ओळखून मान धरली, दुसऱ्यानं खांदा फिरवून मान काढून घेतली. डावाला तोड, तोडीला परत डाव. हे दिसलं की मी त्या लढतीत गुंततो. ठोसा दे, ठोसा घे, यात पुढचं काही ओळखताच येत नाही मला.

भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही एमएमए बघतच नाही, त्यात कुस्ती शोधता." खरं आहे का हे? तुम्हाला कुठली लढत आवडली आणि का आवडली ते सविस्तर लिहा. नुसती नावं नकोत.

---

पाचवी_फेरी | रविवार, दुपारी १२:४२

काका, मी भाच्याच्या बाजूचा. दोन वर्षं किकबॉक्सिंग शिकतोय. ठोशात ओळखण्यासारखं काही नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

तुम्ही कंबर बघता ना, आम्ही पुढचा पाय बघतो. पहिल्या फेरीत कुणीतरी समोरच्याच्या पुढच्या पोटरीवर तीन-चार लाथा मारतो. टाळ्या पडत नाहीत, समालोचकही पटकन पुढं जातात. दुसऱ्या फेरीत तो पोटरीवाला पाय जरा हलका ठेवायला लागतो. पायावर भार नाही म्हटल्यावर त्याच्या जॅबमधला, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशातला, जोर जातो. जॅबला जोर नाही म्हटल्यावर समोरचा बिनधास्त आत येतो. तिसऱ्या फेरीत त्याला जबड्यावर उजवा हात बसतो तेव्हा लोक म्हणतात, काय ठोसा होता! अहो, तो ठोसा पहिल्या फेरीत पोटरीवर सुरू झालेला असतो.

दुसरं म्हणजे ग्लोव्ह. बॉक्सिंगचे आठ किंवा दहा औंसांचे, जाड. त्यामागं तोंड लपवता येतं. एमएमएचे चार औंसांचे, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, बोटं उघडी. त्यामागं लपता येत नाही, मधून ठोसा शिरतो. त्यामुळं वाचायचं असेल तर अंतर राखूनच वाचायचं. अर्ध्या वितीचा हिशोब असतो आणि तो हिशोब सारखा बदलत असतो. त्याच्या जोडीला समोरचा कधी खाली घेईल याची धास्ती. म्हणून एमएमएतला ठोसा बॉक्सिंगपेक्षा वेगळ्या जागेवरून येतो.

माझी लढत: मॅक्स होलोवे आणि जस्टिन गेथजी, यूएफसी (एमएमएची सगळ्यात मोठी अमेरिकन स्पर्धा) ३००, १३ एप्रिल २०२४. होलोवे गुणांवर पुढं होता. शेवटची दहा सेकंदं उरली. पळत राहिला असता तरी जिंकला असता. त्यानं काय केलं? पिंजऱ्याच्या मधोमध बोट दाखवलं, ये इथं, आणि दोघं उभे राहून भिडले. पाचव्या फेरीच्या चार मिनिटं एकोणसाठाव्या सेकंदाला गेथजी तोंडावर पडला. पंचवीस मिनिटांतला एक सेकंद शिल्लक. मी त्या दिवशी आमच्या गल्लीत ओरडत पळालो होतो. नाद खुळा लढत.

---

वस्तादांचा_चेला | रविवार, दुपारी ३:०५

हौद्याकाठी, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मी बारा वर्षं तालमीत काढली, आता गुडघे गेले म्हणून बघण्यावर समाधान मानतो.

भाच्यानं मोबाइल काढला यात त्याची चूक नाही. खाली काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलंच नाही. आपल्याला लहानपणी कुणीतरी मांडीवर घेऊन सांगितलं, म्हणून खडाखडीतसुद्धा रस वाटतो. मैदानात दोन पैलवान पाच-पाच मिनिटं मानेला मान लावून खडाखडी करतात तेव्हा नवख्याला वाटतं काहीच होत नाही. शेजारचा म्हातारा मात्र सांगतो, "आता बघ, डाव्यानं ओढ घेतलीय, ढाक मारणार."

खबीब नुरमागोमेदोव घ्या. २९ लढती, एकही हार नाही. लोक म्हणतात नुसता अंगावर पडून राहतो. नीट बघा. समोरच्याला जाळीशी खाली घेतला की त्याचे दोन्ही पाय आपल्या पायांत गुंतवायचा. आपल्या कुस्तीतला सवारीचा डाव जसा असतो, त्याच जातीचं काम. मग एक मनगट त्याच्याच पाठीमागं ओढून धरायचा. पाय गेले, एक हात गेला, उरला एकच हात. आता त्या एका हातानं जमिनीला टेका देऊन उठायचं, का तोंड वाचवायचं? उठायला गेला की तोंडावर मार, तोंड झाकलं की परत खाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॉनर मॅकग्रेगरसारख्या गड्याला त्यानं हेच केलं, आणि चौथ्या फेरीत मान पिळून हार मानायला लावली. त्या एका मोकळ्या हातावर नजर ठेवून ती लढत परत बघा. मोबाइल खिशातच राहील.

आता आपल्या लोकांची खरी अडचण कुठं आहे ते सांगतो. पाठ लागली की कुस्ती संपली, हे आपल्या हाडात मुरलंय. चितपट म्हणजे निकाल, हलगी वाजली, फेटा बांधला, घरी. म्हणून एमएमएत एखादा पाठीवर पडला की आपलं मन म्हणतं, गेला हा. आणि तिथूनच आपलं लक्ष उडतं. पण १९९३ साली डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, तेव्हा वजनगट नव्हते. रॉयस ग्रेसी नावाचा ऐंशी किलोच्या आसपासचा ब्राझीलचा सडपातळ जिऊ-जित्सूवाला एका रात्रीत तिघांना हरवून गेला. जिऊ-जित्सूवाल्यांना पाठीवर पडायची भीती नसते, तिथून ते पाय वापरून गळा आणि हात धरतात. हे मान्य करायला मला दोन वर्षं लागली. खालचा माणूस हरत नसून टपून बसलेला असू शकतो हे एकदा डोळ्यात बसलं, की अर्ध्या कंटाळवाण्या लढती जिवंत होतात.

आणि लढत किती वेळ चालली यावर जाऊ नका. आपला गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिस्को १९१० साली लंडनला लढले. झ्बिस्को अडीच तासांवर पोटावर पडून राहिला, निकाल लागला नाही. तेच दोघं १९२८ साली पतियाळ्याला भिडले आणि मिनिटाच्या आत झ्बिस्को चितपट. माझ्या मते दोन्ही वेळेला बघणाऱ्यांची भूक राहिली असणार. पहिल्यात एकाला लढायचंच नव्हतं. दुसऱ्यात डावाला तोड निघायच्या आधीच सगळं आटपलं.

---

शाहूपुरीकर | रविवार, सायंकाळी ५:२०

माझं मत बहुतेकांना आवडणार नाही, तरी लिहितो, कारण मला ते मनापासून वाटतं.

आपल्या मातीत पडलेल्याला हात देऊन उठवतात. जिंकलेला हरलेल्याच्या पाठीवर थाप मारतो, दोघं वस्तादाच्या पाया पडतात. इथं माणूस खाली पडलाय, त्याचे डोळे फिरलेत, आणि वरचा आणखी तीन ठोसे लगावतो. याला रंगत कशी म्हणायची? मी एकदा पूर्ण लढत बघायचा प्रयत्न केला. मुलगी शेजारी बसली होती. मला लाज वाटली आणि टीव्ही बंद केला. लोक पिंजऱ्याभोवती ओरडतात ते डाव बघून ओरडतात, का रक्त बघून?

---

रंकाळ्यावरची | रविवार, रात्री ९:१५

शाहूपुरीकर दादा, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंचे गुडघे-खांदे रोज हाताखालून जातात, आणि तरी मी एमएमए बघते. त्यामुळं मला याचं उत्तर स्वतःला द्यावंच लागलं.

मी बघू शकते ती रेफरीमुळं. चांगला रेफरी लढणाऱ्यांपासून हातभर अंतरावर असतो, त्याची नजर खालच्याच्या डोळ्यांवर आणि हातांवर असते. खालचा शहाणपणानं स्वतःला वाचवतोय तोवर चालू. नुसतं झाकून पडून राहिला, उत्तर देईना, की थांबव. आणि गळा किंवा सांधा अडकला तर टॅप आहे. आपल्या हातानं दोनदा थोपटलं की त्या क्षणी सुटका. मला टॅपमध्ये फार मोठेपणा वाटतो. माणूस स्वतः म्हणतो, आज तू जिंकलास, माझा हात मला उद्या लागणार आहे. रेफरीनं उशीर केलेली एक लढत मी मधेच बंद केली होती. त्या दिवशी माझा बघण्यातला जीवच गेला. म्हणजे माझ्यासाठी रंगत विश्वासावर उभी आहे, थांबवायचं तेव्हा कुणीतरी थांबवेल या विश्वासावर.

वजन उतरवायचा प्रकारही मला खुपतो. लढतीआधी वजन करायच्या आदल्या दिवसांत पाणी तोडून सुकलेले चेहरे बघितले की माझं मन लढतीतून उठतं.

आता आवडलेली लढत. झांग वेली आणि योआना येंद्रेझेचिक, ७ मार्च २०२०, लास वेगास. पाच फेऱ्या, उभ्या-उभ्या. हौद्याकाठी दादांना वाटेल ही तर ठोशांचीच लढत. पण योआना लांबून सरळ मारत होती, वेली आत शिरून आडवं मारत होती. योआनानं आत शिरतानाच जॅब लावायला सुरुवात केली, तर वेली एक पाऊल थांबून जॅब संपल्यावर शिरायला लागली. फेरीगणिक दोघी एकमेकींकडून शिकत होत्या. शेवटी योआनाच्या कपाळावर एवढी सूज आली होती की बघवेना. तिथं मला खरंच वाईट वाटलं. निकाल पंचांच्या मतभेदानं वेलीकडं गेला. मी अजूनही त्या लढतीतली चौथी फेरी परत बघते, पाचवी बघत नाही.

आणि एक आनंदाची गोष्ट. पूजा तोमरनं ८ जून २०२४ ला अमेरिकेत यूएफसीची लढत जिंकली, हे करणारी ती पहिली भारतीय. तांत्रिकदृष्ट्या फार सुबक लढत नव्हती ती. पण तिसऱ्या फेरीत ती दमलेली असूनही पुढं जात होती तेव्हा मी आणि माझी आई, दोघी हात घट्ट धरून बसलो होतो. आपलं कुणीतरी तिथं असणं, हेसुद्धा रंगतीचं एक कारण आहे. काटाजोड कुस्ती नसली तरी आपल्या तालमीचा पोरगा असला की आपण जागेवरून उठत नाही, तसंच.

---

नवखा_प्रेक्षक | सोमवार, सकाळी ८:०२

छान चर्चा. मी एकही लढत पूर्ण बघितलेली नाही. कुस्ती आवडते. पहिली कुठली बघू?

---

वस्तादांचा_चेला | सोमवार, सकाळी ८:३०

डिमिट्रियस जॉन्सन आणि रे बोर्ग, ऑक्टोबर २०१७. शेवटची फेरी नक्की बघा. जॉन्सननं बोर्गला मागून कवळा घालून उचलला, हवेत फेकला, आणि तो खाली पडायच्या आत त्याचा हात आपल्या पायांत घेतला. फेक आणि हात, दोन डाव एका श्वासात. एवढी वर्षं माती अंगाला लावून मी असलं काही बघितलं नव्हतं.

त्यांचा वजनगट १२५ पौंडांचा, म्हणजे ५७ किलोच्या आत. आपले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले ते ५७ किलोच्या गटातच. आपल्याकडं मात्र मोठ्या अंगाच्या पैलवानांची कुस्ती शेवटी लावायची, आणि लहान जोड्या लागल्या की लोक चहाला उठतात. जॉन्सनच्या बाबतीत अमेरिकेतही तेच झालं. एवढा कसबी गडी, पण त्याला हवी तशी गर्दी जमली नाही. हलक्या वजनात डाव-तोडीचा वेग सगळ्यात जास्त असतो. तो वेग पकडायला डोळा तयार लागतो.

---

गुणफलक | सोमवार, दुपारी १:४८

सगळे लढणाऱ्यांबद्दल बोलताय, नियमांबद्दल कुणीच नाही. लढत कंटाळवाणी झाली की आपण गड्याला शिव्या देतो, पण बऱ्याचदा दोष त्याला शांत बसू देणाऱ्या नियमाचा असतो.

यूएफसीत साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, किताबाची पाच फेऱ्यांची. प्रत्येक फेरीला वेगळे गुण, जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या ज्यानं घेतल्या त्यानं तिसरीत फक्त सांभाळायचं. तिथं पाणी पडतं. जपानमधल्या प्राइड या स्पर्धेत पहिली फेरीच दहा मिनिटांची होती, गुण फेरीवार नव्हते, सगळ्या लढतीचा मिळून निकाल द्यायचे. वेळ काढणाऱ्याला रेफरी पिवळं कार्ड दाखवायचा आणि त्याच्या मानधनातून दहा टक्के कापले जायचे. खिशाला चाट बसली की खडाखडी लवकर आटपते. आपल्या मॅटवरच्या कुस्तीतही हेच तत्त्व आहे. निष्क्रिय राहिलेल्याला ताकीद, मग तीस सेकंदांत गुण घ्यायचा, नाहीतर समोरच्याला गुण.

आताच्या एमएमए नियमांत पंचांनी आधी मार आणि कुस्तीचा परिणाम बघायचा असतो. नुसतं वर पडून राहणं हे परिणामात धरायचं नसतं. कागदावर उत्तम आहे. प्रत्यक्षात पंच पुष्कळदा वरच्यालाच देऊन टाकतात, आणि मग गडी तेच करायला शिकतात.

पण नियम चोख असूनही लढत मरते, त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे फ्रान्सिस एन्गानू आणि डेरिक लुईस, ७ जुलै २०१८. जगातले दोन सगळ्यात जड हातांचे लोक. सगळ्यांना वाटलं पहिल्या मिनिटात कुणीतरी झोपणार. पंधरा मिनिटं दोघं एकमेकांकडं बघत उभे. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. एन्गानू जानेवारीत स्टिपे मिओचिचकडून पाच फेऱ्या मार खाऊन आलेला होता, आणि ती भीती आपण बरोबर घेऊन आलो असं त्यानं नंतर स्वतः सांगितलं. मला त्या लढतीबद्दल राग नाही, उलट कीव येते. ताकद होती, कसब होतं. हरायची तयारी नव्हती, म्हणून जिंकायचा डावही टाकता येईना.

याच्या उलट लिऑन एडवर्ड्स. २० ऑगस्ट २०२२, किताबाची लढत, कमारू उस्मान समोर. दुसरी, तिसरी, चौथी फेरी उस्मानची. पाचवीतही एडवर्ड्स हरत होता, कोपऱ्यातले लोक त्याच्यावर ओरडून थकले होते. एक मिनिटही उरलं नव्हतं. डाव्या हाताचा ठोसा येतोय असं दाखवून त्यानं डावी लाथ डोक्याला लावली आणि उस्मान आडवा. आधीच्या तीन फेऱ्या कंटाळवाण्या होत्या, हे मी कबूल करतो. पण त्या कंटाळ्याशिवाय ती लाथ एवढी मोठी झाली नसती.

---

पाचवी_फेरी | सोमवार, दुपारी २:२०

शेवटचं वाक्य पटलं. आणि वस्ताद, काल रात्री खबीब-मॅकग्रेगर परत बघितली, फक्त तो मोकळा हात बघत. दुसऱ्या फेरीत मॅकग्रेगरचा हात उठायला जमिनीवर जातो आणि त्याच क्षणी तोंडावर बसतं. पाच-सहा वेळा बघितली होती ही लढत, हे एकदाही दिसलं नव्हतं.

रंकाळ्यावरची ताई, रक्ताबद्दल एक विचारतो. रॉबी लॉलर आणि रोरी मॅकडॉनल्ड, जुलै २०१५. लॉलरचा ओठ फाटलेला, मॅकडॉनल्डचं नाक मोडलेलं. आम्ही पोरं ती सगळ्यात भारी लढत मानतो. तुम्हाला ती बघवते का?

---

रंकाळ्यावरची | सोमवार, रात्री १०:०५

एकदाच बघितली. चौथी फेरी संपल्याची घंटा झाली, रेफरी मधे आला, आणि तरी ते दोघं आपापल्या कोपऱ्यात न जाता एकमेकांकडं बघत उभे राहिले. तो क्षण मला अजून दिसतो. ठोसा नाही, लाथ नाही, दोन दमलेली माणसं मागं हटेनात. पाचव्या फेरीत मोडलेल्या नाकावर परत बसलं आणि मॅकडॉनल्ड कोसळला, तिथं मी मान वळवली. तुला जे भारी वाटतं ते त्या उभं राहण्यात आहे, असं मला वाटतं. रक्त त्याच्याबरोबर आलं, आणि दोन्ही एकच आहेत असं तुमच्या मनात बसलं. रक्त खूप आणि लढत मरतुकडी, अशाही कितीतरी बघितल्यास ना तू?

---

पाचवी_फेरी | सोमवार, रात्री १०:११

हो ताई. बघितल्यात.

---

शाहूपुरीकर | मंगळवार, सकाळी ७:४०

सगळं वाचलं. टॅपबद्दल ताईंनी लिहिलेलं पटलं, त्या नजरेनं मी बघितलं नव्हतं. पडलेल्यावर ठोसे मारणं मला अजूनही बघवत नाही आणि ते बदलेल असं वाटत नाही. पण जॉन्सनची ती फेक मुलीबरोबर बघितली. तिनं सहा वेळा लावायला लावली.

---

हौद्याकाठी | मंगळवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. पोटरीच्या लाथेचं समजल्यावर परवाची ती ठोशांची लढत मी परत लावली. पाचवी_फेरी, तू म्हणतोस ते तिथं होतं. डावीकडच्याचा पुढचा पाय दुसऱ्या फेरीपासून लंगडत होता आणि मी ते बघितलंच नव्हतं, कारण मी कंबरा बघत बसलो होतो. भाच्याची माफी मागितली. तरी पहिली फेरी मला अजून गोंधळाचीच वाटते, तिथं दोघांपैकी कुणीच काही ठरवून करत नव्हतं.

वस्तादांचा_चेला, पाठ लागण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाठीवरचा माणूस जिंकतो, हे मला दाखवा, मग मानतो." भाच्यानं रविवारसाठी एक लढत काढून ठेवलीय. पुढचं तो लिहील.

---

तोच_भाचा | रविवार, दुपारी १२:५५

मीच तो भाचा, मामांनी सांगितल्यावरून लिहितोय.

आजोबांसाठी मी अँडरसन सिल्वा आणि चेल सोनेनची ऑगस्ट २०१० ची लढत काढली होती. निकाल सांगितला नाही. सिल्वा किताबाचा मालक, चार वर्षं कुणाला हरलेला नाही. सोनेन कुस्तीचा गडी. पहिल्याच फेरीपासून सोनेननं त्याला खाली घेतला आणि वरून मारत राहिला.

आजोबांना सोनेन लगेच आवडला. "याचा पट चांगला आहे. डोकं बरोबर बाजूला ठेवतोय." दुसऱ्या फेरीत म्हणाले, "हा वरचा गडी कुठल्या तालमीचा?" तिसरीत सिल्वा पाठीवरच होता. आजोबांनी विचारलं, "पाठ लागून पंधरा मिनिटं झाली, अजून का सोडवत नाहीत कुस्ती?" मी म्हणालो, इथं पाठ लागली तरी चालू राहते. चौथी फेरीही तशीच गेली. ते जरा मागं टेकून बसले, मला वाटलं आता झोपतील.

पाचव्या फेरीत पुन्हा तेच, सिल्वा खाली, सोनेन वर. मला माहीत होतं काय होणार, तरी माझं लक्ष सोनेनच्या ठोशांवरच होतं. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला होता. एकदम आजोबा पुढं सरकले आणि माझा दंड धरला. म्हणाले, "कंबर हलली."

मला काहीच दिसलं नव्हतं. दुसऱ्या क्षणाला सिल्वाचा पाय सोनेनच्या खांद्यावरून मानेवर आला, सोनेनचा एक हात आणि गळा त्या पायांच्या त्रिकोणात अडकला, आणि सोनेननं थोपटलं. चार फेऱ्या हरलेला माणूस पाठीवर पडल्या पडल्या जिंकला.

आजोबा काही बोलले नाहीत. मामाही नाहीत. थोड्या वेळानं आजोबांनी रिमोट माझ्याकडं सरकवला. "परत लाव. आणि त्या बडबड करणाऱ्यांचा आवाज बंद कर."